पाण्याचा वेग मोजणारं यंत्रच चुकलं तर?

पूर आला की मोबाइलवर क्युसेकचा आकडा फिरतो. पाण्याचा वेग आणि प्रवाहाच्या छेदाचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार म्हणजे हा आकडा. वेग मोजायला करंट मीटर वापरतात. त्याचा पंखा पाण्याच्या जोरावर फिरतो. बेअरिंग झिजलं की तो मंदावतो. वेग ५ टक्के कमी दिसला, तर १ लाख क्युसेकचा पूर ९५ हजारांचा वाटतो.

म्हणून मीटर तपासावा लागतो. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात ही सोय आहे. तिथे पाणी स्थिर असतं. मीटरच ट्रॉलीला लावून ठरावीक वेगाने ओढतात आणि फेऱ्या मोजतात. समुद्रातल्या पंख्याच्या मीटरलाही हेच तत्त्व लागू पडतं.

सिंदी मेघेपासून समुद्र दूर आहे. पण वर्धा नदीचा इशारा अशाच अचूक मोजणीवर अवलंबून असतो.