चेंबर माझं फुटलं, बिल कोणाच्या नावावर?

काल गॅरेजमध्ये ७,८०० रुपये मोजून आलो. गाडीचं ऑइल चेंबर बदललं. हिशेब लिहून ठेवलाय : चेंबर २,९००, साडेतीन लिटर ऑइल आणि फिल्टर १,९५०, सिलिकॉन व नटबोल्ट २५०, मजुरी १,२०० आणि रात्री गाडी टोचन करून आणली त्याचे १,५००. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानं धरलं तरी जवळपास दीड क्विंटल सोयाबीन झालं. आणि हमीभाव कोणाच्या हातात किती पडतो, ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

झालं असं. नातलगाकडचा साखरपुडा आटोपून रात्री परत येत होतो. मागच्या सीटवर आई, बायको, पोरगी, डिक्कीत सामान. वेग तीसच्या आत. गावाच्या तोंडाशी एक गतिरोधक आला. पांढरा पट्टा नाही, फलक नाही, लाईट नाही. पुढची चाकं वर चढून खाली उतरली आणि पोटाखाली जो आवाज आला, तो ऐकून आई म्हणाली, "काय फुटलं रे बाप्पा?"

मीटरवर ऑइलचा लाल दिवा लागला. मी लगेच गाडी बंद केली. ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला तर त्याचं पहिलं वाक्य, "भाऊ, आता चावी लावू नोका." तेवढ्यानं माझं इंजिन वाचलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाशी बसवलेलं ऑइलचं भांडं. त्यातलंच ऑइल पंप वर खेचतो आणि इंजिनभर फिरवतो. भांडं फुटलं की ऑइल रस्त्यावर. मग गाडी "गावापर्यंत तर नेऊ" म्हणून दोन-चार मिनिटं जरी चालवली, तरी बेअरिंग खातात, इंजिन जाम होते आणि खर्च हजारातून लाखाकडं जातो. पत्र्याचं चेंबर असेल तर ते फुटत नाही, आत दबते. पण दबलेला पत्रा ऑइल ओढणाऱ्या जाळीला टेकला, तर ऑइल असूनही वर चढत नाही. म्हणून आवाज आला की उतरून खाली वाका. लाल दिवा लागला की तिथंच थांबा. विम्याचंही ऐकून ठेवा. साध्या पॉलिसीत चेंबरचे पैसे मिळू शकतात, पण फुटल्यावर गाडी पळवून इंजिन गेलं, तर तो खर्च सहसा मिळत नाही. आणि एवढ्याशा रकमेसाठी क्लेम केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो. म्हणून बहुतेक जण गपगुमान खिशातून भरतात. मीही भरले.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन त्याच ठिकाणी गेलो. उंची १९ सेंटीमीटर. रुंदी ७० सेंटीमीटर.

आता नियम काय म्हणतो? इंडियन रोड्स काँग्रेसची गतिरोधकाची मार्गदर्शक तत्त्वं १९८८ पासून आहेत. उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, वर गोलाई, म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं गाडी अलगद वर जाऊन खाली येईल. ४० मीटर आधी सूचना फलक आणि वर काळे-पांढरे पट्टे. लहान गाड्यांचं पोट जमिनीपासून साधारण १६ ते १७ सेंटीमीटर वर असते, तेही रिकामी असताना. पाच माणसं बसली की अजून खाली येते. मग १९ सेंटीमीटरचा उभा बांध ओलांडताना चेंबर वाचेल कसं? कितीही हळू चालवा. हा चालकाचा दोष नाही, हे गणितच चुकलेलं आहे.

रस्त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, तुम्ही ज्या तालुक्यात असाल तिथला एक रस्ता तुमच्या डोळ्यांसमोर आलाच असेल.

आता कोणी म्हणेल, तुम्हाले कारची पडली, आमच्या लेकरांचं काय? बरोबर आहे. शाळेसमोर, गावाच्या तोंडाशी गतिरोधक पाहिजेच. मी तो काढा म्हणत नाही. गावात एक अपघात होते, एखादं लेकरू जाते. गाव अर्ज देते, कोणी येत नाही. मग एका रात्री पोरं मुरूम आणि सिमेंट टाकून स्वतःच बांध घालतात. त्यांचा राग खरा आहे. पण त्यातून जे तयार होते, ते दुसऱ्या कोणाच्या तरी लेकराच्या जिवावर उठते. २०१५ या एका वर्षात देशात गतिरोधकांमुळे ११,०८४ अपघात झाले आणि ३,४०९ माणसं मेली. हा आकडा माझा नाही, केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आहे. रोज नऊ माणसं. वेग कमी करून जीव वाचवायला जे बांधलं, त्याच्यावर!

चेंबरचं बिल तरी मिळते. मोटारसायकलवर मागं बसलेली बाई उडून पडते, तिचं बिल कोण लिहितं? १०८ मध्ये नेत असलेल्या बाळंतिणीला बसलेला दणका कोणत्या कागदावर येतो? गॅरेजमध्ये माझ्या शेजारी काळीपिवळीवाला बसला होता. त्याचंही चेंबरच. तो म्हणाला, "साहेब, तुमचे पैसे गेले, माह्या तीन दिवसाचा धंदा गेला."

आणि कायदा कधी जागा होतो ते पाहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्त्याचे ठरवून दिलेले निकष पाळले नाहीत तर ठेकेदाराला, जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. पण कधी? त्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांच्या प्रकरणात भरपाई ठरवून दिली : मृत्यूला ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख. न्यायालयाचे आभारच मानायला पाहिजेत. पण मेल्यावर मोजमाप करण्यापेक्षा आधी टेप लावायला काय हरकत आहे?

आपल्याच जिल्ह्यातून समृद्धी जाते. तिथं कार ताशी १२० नं धावते. खाली उतरून गावाकडं वळलं की वीसच्या स्पीडनं चेंबर फुटते. मुंबईला जाणाऱ्याचा रस्ता मापात आणि दवाखान्यात जाणाऱ्याचा अंदाजे, हे आपण किती दिवस चालवून घ्यायचं?

दोष माझाही आहे. वीस वर्षांत "नागरिक त्रस्त" हे शीर्षक मी किती वेळा दिलं, मोजदाद नाही. त्रस्त लिहून मी मोकळा, वाचून तुम्ही मोकळे, आणि ज्यांनी उत्तर द्यायचं ते तर आधीपासूनच मोकळे. म्हणून यावेळी बातमी नाही, काम सांगतो.

एक, तुमच्या गावच्या गतिरोधकाची उंची-रुंदी मोजा. टेपसकट फोटो काढा, तारीख आणि ठिकाण टाकून कमेंटमध्ये द्या. मोजताना वाहतूक पाहा, जीव धोक्यात घालू नका.

दोन, रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते विचारा : बांधकाम विभाग, जिल्हा परिषद की नगर परिषद. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज द्या. या गतिरोधकाला परवानगी कोणी दिली, कोणत्या तारखेला, कोणत्या मापानं? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागते. "परवानगी नाही" हेही उत्तरच आहे, कारण मग तो इतके दिवस तिथं कसा, हा पुढचा प्रश्न तयार होते.

तीन, चेंबर फुटलं, टायर फाटला, माणूस पडला, तर बिल आणि फोटो जोडून लेखी तक्रार द्या. पोच घ्या. पैसे मिळतील असं मी सांगत नाही. पण आज कागदावर आपलं नुकसान शून्य आहे. ते शून्य राहू द्यायचं नाही.

मी सुरुवात केली आहे. ७,८०० चं बिल, १९ सेंटीमीटरचा फोटो आणि अर्ज, तिन्ही उद्या टपालात पडतील. उत्तर आलं की इथंच टाकतो. नाही आलं, तर तेही इथंच टाकतो.

तुमच्या गावचा किती सेंटीमीटर?