व्यायामाचा तास गणिताला देऊ नका



दहावीचे वर्ष सुरू झाले, की शाळेच्या वेळापत्रकात एक चमत्कार घडतो. कागदावर ‘शारीरिक शिक्षण’ असा तास असतो. प्रत्यक्षात मात्र त्या वेळी फळ्यावर बीजगणिताची उदाहरणे सुटत असतात. याबद्दल फारसे कुणी तक्रार करीत नाही. पालकांना बरे वाटते, शिक्षकांचा अभ्यासक्रम पुरा होतो, आणि खेळाची आवड असलेली मुले थोडी हळहळतात, इतकेच. ‘एका वर्षाचा तर प्रश्न आहे, परीक्षा झाली की हवे तेवढे खेळा,’ अशी समजूत घातली जाते. मग अकरावी-बारावी येते, प्रवेशपरीक्षा येतात, पुढे नोकरी येते. आणि ते ‘परीक्षा झाल्यानंतर’ कधी उजाडतच नाही.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. गणितावाचून माझे पानही हलत नाही. तरीसुद्धा व्यायामाचा तास गणिताला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मत मी गणिताच्याच साहाय्याने तुमच्यापुढे मांडणार आहे.

किल्ला चढण्याचे गणित

आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळचा देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. हा शंकूच्या आकाराचा डोंगर सुमारे २०० मीटर उंच आहे. समजा, तुमचे वजन ५० किलोग्रॅम आहे आणि तुम्ही पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढून गेलात. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तुम्ही केलेले कार्य किती? वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा: ५० × ९.८ × २०० = ९८,००० ज्यूल. किलोकॅलरीत हे जेमतेम २३.४ भरते.

आपले स्नायू काही शंभर टक्के कार्यक्षम नसतात. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा ते कार्यासाठी वापरतात. उरलेल्याची उष्णता होते. म्हणून तर चढताना घाम येतो. तेव्हा प्रत्यक्ष खर्च चौपट, म्हणजे सुमारे ९४ किलोकॅलरी धरू. आता शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६७ किलोकॅलरी असतात. म्हणजे एवढा मोठा किल्ला चढून जाण्यासाठी सोळा-सतरा ग्रॅम शेंगदाणे पुरे! खाली उतरून एक मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले, की हिशेब पूर्ण झाला.

हे उत्तर पाहून एखादा म्हणेल, ‘मग व्यायामाचा उपयोग काय? चार घास कमी खाल्ले तरी तेच साधेल.’ प्रश्न रास्त आहे. व्यायामाचा उपयोग केवळ ऊर्जा जाळण्यापुरता असता, तर त्याची एवढी महती सांगण्याचे कारण नव्हते. पण आपले गणित शरीराला इंजिन समजून केलेले आहे, आणि येथेच शरीर इंजिनापेक्षा निराळे ठरते. सायकलची साखळी किंवा गिरणीचा पट्टा वापरल्याने झिजतो. शरीर बेताने वापरले तर सुधारते. न वापरले तर बिघडते.

शरीरात काय घडते?

प्रथम स्नायू घेऊ. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू घेतात. त्यासाठी एरवी इन्शुलिन या संप्रेरकाचा निरोप यावा लागतो. तो मिळाला, की साखर आत घेणारी विशिष्ट प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात. पण स्नायू आकुंचन-प्रसरण पावू लागला, तर इन्शुलिनच्या निरोपावाचूनही ही प्रथिने पृष्ठभागावर येतात. शिवाय व्यायामानंतर इन्शुलिनचा प्रभावही वाढतो आणि तो साधारण एक ते दोन दिवस टिकतो. सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये असे डॉक्टर का सांगतात, ते यावरून कळेल.

आता हृदय. नियमित व्यायाम करणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलते, म्हणून विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. समजा, कुणाची नाडी मिनिटाला ७६ वरून ७२ वर आली. दिवसाला १,४४० मिनिटे; म्हणजे ४ × १,४४० = ५,७६० ठोक्यांची बचत. अर्धा तास भरभर चालताना नाडी १२० झाली असे मानले, तर जादा खर्च ४८ × ३० = १,४४० ठोके. खर्चापेक्षा बचत चौपट! हृदयाला ठोके मोजून मिळालेले असतात असे नव्हे. पण तेच काम ते कमी श्रमात करते, एवढे यावरून दिसते.

रक्तवाहिन्यांचीही अशीच गोष्ट आहे. रक्त वेगाने वाहू लागले, की वाहिनीच्या आतल्या अस्तराला त्याचे घर्षण जाणवते, आणि ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते. त्यामुळे वाहिनी सैल होऊन रुंदावते. या वायूच्या कार्याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वरच्या वर्गात तुम्ही प्वासूयचा नियम शिकाल: दाब तोच असेल, तर नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या केवळ १० टक्क्यांनी वाढली, तर प्रवाह सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. रक्त हा पाण्यासारखा साधा द्रव नाही, म्हणून हा आकडा ढोबळ समजावा. पण रक्तदाबाला उतार का पडतो ते यावरून ध्यानात येईल.

आणि हाडे? अवकाशयानात वजनाचा भार नाहीसा झाला, की अंतराळवीरांच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्का घटते. भार पडला तर हाड घट्ट होते, नाही पडला तर विरळ होते. माणसाच्या हाडांचा बहुतेक साठा वयाच्या अठरा-वीस वर्षांपर्यंत जमा होतो. म्हणजे ज्या वर्षांत आपण मुलांना खुर्चीला खिळवून ठेवतो, नेमकी तीच वर्षे ही ठेव भरण्याची असतात.

पुरावा कसा पारखावा?

१९५३ साली डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसलेला, तर वाहक वर-खाली करीत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. वाहकांत हृदयविकार कमी आढळला, आणि जो होता तोही सौम्य होता.

पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे थांबू नये. मुळातच स्थूल माणसे चालकाची नोकरी पत्करत असतील तर? मॉरिस यांनाही ही शंका आली. त्यांनी कामगारांच्या गणवेशांची मापे तपासली, आणि चालकांच्या कमरा सुरुवातीपासूनच मोठ्या असल्याचे १९५६ साली स्वतःच जाहीर केले. आपल्याच निष्कर्षावर असा प्रश्न विचारणे ही खरी वैज्ञानिक वृत्ती होय. कमरेच्या मापाचा विचार करूनही फरक उरलाच, हेही त्यांनी दाखवले.

अधिक भक्कम पुरावा आपल्या देशातला आहे. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सुमारे तीन वर्षांत, विशेष काहीच न बदललेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांनी आहार सुधारला आणि रोज निदान अर्धा तास भरभर चालण्याचा क्रम ठेवला, त्यांच्यात ३९.३ टक्के लोकांना झाला. श्रेय एकट्या चालण्याचे नाही, आहाराचेही आहे. तसेच सर्वांचा मधुमेह टळला असेही नाही. आनुवंशिकता, तंबाखू, आहार, झोप या सर्वांचा वाटा असतोच. तरी शंभरांतील पंधरा-सोळा माणसे वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत, आणि आणखी १३.६ कोटी लोक त्या उंबरठ्यावर आहेत.

‘मी तर सडपातळ आहे!’

हा युक्तिवाद वर्गात नेहमी ऐकू येतो. त्याला पुण्याहून उत्तर मिळाले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा शरीरभार निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, एकच होता: २२.३. पण क्ष-किरणांनी मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे होते. याज्ञिकांच्या बाबतीत जन्माच्या वेळचे कमी वजन हेही एक कारण असू शकेल, असे त्यांनी नमूद केले. आपण भारतीय वरून सडपातळ दिसलो, तरी आतून चरबी बाळगून असू शकतो. वजनकाटा हे सांगत नाही. म्हणून सडपातळ मुलामुलींनीही मैदानावर यायला हवे.

किती आणि कसा?

आपल्याकडे व्यायाम म्हटला, की तालीम, जोर-बैठका आणि पिळदार दंड डोळ्यांपुढे येतात. ती परंपरा थोर आहे. पण तिच्या धाकाने पुष्कळजण ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून दूर राहतात. वास्तविक सर्वांत मोठा लाभ पहिल्या पावलांत असतो. आलेख काढलात, तर तो आरंभी झपाट्याने वर जातो आणि पुढे सपाट होत जातो. काहीच न करणारा जेव्हा थोडे करू लागतो, तेव्हा त्याला सर्वांत जास्त मिळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करावी, आणि आठवड्यातून तीन दिवस धावणे, उड्या, दोरीवर चढणे असे जोराचे काही करावे. ‘मध्यम’ ओळखायचा कसा? चालताना शेजाऱ्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग मध्यम. दिवसाचा एक तास म्हणजे चोवीस तासांतील अवघे चार टक्के. कबड्डी, खो-खो, सायकल, गोगाबाबा टेकडीवरची चढण, यांपैकी काहीही चालेल. मात्र आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत सकाळची वेळ धरावी. दमा, हृदयदोष किंवा रक्तक्षय असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

शिक्षकांना विनंती

खेळाचा तास म्हणजे शाळेच्या संघाचा सराव, अशी एक समजूत आहे. बारा-पंधरा जण खेळतात आणि बाकीचा वर्ग कडेला उभा राहून पाहतो. संघ जरूर असावा. पण या तासाचे यश जिंकलेल्या ढालींवरून मोजू नये. किती मुलांना घाम आला, त्यावरून मोजावे. मुलींचा तर विशेष विचार हवा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीप्रमाणे भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण पुरुषांत सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. ज्या मैदानाचा मधला भाग नेहमी मुलांकडे आणि कडेची सावली मुलींकडे असते, तेथेच या फरकाची सुरुवात होते. निम्मे मैदान मुलींना द्या.

हा तास विज्ञानाचा प्रयोगही होऊ शकेल. जिन्याच्या एका पायरीवर तीन मिनिटे एका लयीत चढ-उतर करा. मग एक मिनिट बसा, आणि त्यानंतर तीस सेकंदांत नाडीचे ठोके मोजा. आकडा वहीत लिहा. सहा आठवडे रोज भरभर चालण्याचा किंवा खेळण्याचा क्रम ठेवून, त्याच पायरीवर, त्याच लयीत, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजा. वर्गाची सरासरी काढा, आलेख काढा. ज्यांनी क्रम मोडला त्यांचे आकडे वेगळे मांडा, म्हणजे तुलना करता येईल. आलेख, सरासरी, मोजमापातील चूक हे सारे गणितच आहे. गणिताच्या शिक्षकांनी या तासाला अवश्य यावे, पण मैदानावर.

मित्रहो, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे रोग चाळिशीत उघडे पडतात. त्यांचा पाया मात्र फार आधी भरला जातो. तुमच्या पालकांना आणि शिक्षकांना तुमचे गुण दर चाचणीला दिसतात, तुमच्या हाडांत आणि रक्तवाहिन्यांत काय जमा होते आहे ते दिसत नाही. म्हणून ते मागण्याचे काम तुम्हीच करायला हवे. पुढच्या आठवड्यात शारीरिक शिक्षणाच्या तासाला कुणी खडू घेऊन वर्गात आले, तर नम्रपणे उभे राहा आणि विचारा, ‘सर, आज आम्ही मैदानावर जाऊ का?’