आधी ट्रिम, मग ऑटोपायलट

"ऑटोपायलट लावला की विमान नाक खाली घालतं, सिम्युलेटर बकवास आहे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढची गोष्ट मला पाठ झालीये. टेकऑफ झकास झाला होता, चाकं वर घेतली, ४०० फुटांवर बटण दाबलं आणि विमानाने जी मान टाकली ती टाकली! मग सावरायला गेलं की ते उलट वर उसळतं. शेवटी खापर सॉफ्टवेअरवर. सॉफ्टवेअरवर पोट भरणाऱ्यांनीच सॉफ्टवेअरला एवढ्या शिव्या घालाव्यात, ही एक गंमतच :)

तर आजचं भांडण या तक्रारीशी आहे. आणि थोडं सिम्युलेटर विकणाऱ्यांशीही.

ट्रिम म्हणजे काय ते आधी थोडक्यात. स्कूटरचं हँडल डावीकडे ओढत असेल तर दोन मार्ग असतात. ऑफिसपर्यंत ते उजवीकडे दाबून धरायचं, नाहीतर मेकॅनिककडे जाऊन ती ओढच काढून टाकायची. विमानात योक मागे ओढून धरणं हा पहिला मार्ग, ट्रिम हा दुसरा. बोइंग ७३७ मध्ये ट्रिम केलं की शेपटीचा अख्खा आडवा पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, जरासा फिरतो आणि हातावरचा भार जातो. टेकऑफला तो कुठे ठेवायचा हे विमानातलं वजन कुठे आहे, फ्लॅप किती आहेत यावरून ठरतं. ट्रिमच्या चाकाजवळ हिरवा पट्टा असतो. काटा त्याच्या बाहेर ठेवून थ्रॉटल पुढे केलात तर भोंगा वाजतो.

घरी कोण हे बघतं? ट्रिम जिथे असेल तिथे राहतं. नाक जड लागतं म्हणून आपण जॉयस्टिक अर्धी मागे ओढून विमान हवेत धरून ठेवतो, बटण दाबतो आणि हात सोडतो. नाक वर धरणारा हातच गेला! आता ऑटोपायलट बिचारा ट्रिम फिरवायला लागतो, ते फिरतं सावकाश, तोवर नाक खाली गेलेलं असतं. मग ते जास्तच फिरतं आणि विमान झोके घेतं. (आल्टिट्यूडच्या खिडकीत शून्य ठेवून बटण दाबणाऱ्या महाभागांबद्दल मी बोलतच नाही.)

खरं ७३७ एनजी असं वागूच देत नाही. तुमचा योकवर जोर असेल तर त्यात ऑटोपायलट लागतच नाही. आधी हातावरचा भार ट्रिमने शून्यावर आणा, मग मला बोलवा, असं विमान सरळ सांगतं. काही चांगल्या ॲड-ऑनमध्ये ही अट इमानदारीने घातलेली असते, तर लोक त्यालाच बग म्हणतात. घ्या!

यावर ठरलेलं उत्तर येतं. "अरे, खरे पायलटही ४०० फुटांवर लावतातच की." लावतात. ७३७ एनजीला ४०० फूट, एअरबस ए३२० ला १०० फूट आणि उड्डाणानंतर किमान ५ सेकंद. पण ही खालची मर्यादा आहे राव, शेवटची लोकल नाही! आणि लावताना त्यांच्या हातातलं विमान ट्रिममध्ये असतं.

दुसरं उत्तर असतं एअरबसचं. तिथे हवेत ट्रिम आपोआप होतं, हे कबूल. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. ए३२० ची साइडस्टिक तुमच्या टेबलावरच्या जॉयस्टिकसारखीच स्प्रिंगवाली, सोडली की मध्ये येणारी. हवेचा भार तिच्यात जाणवतच नाही. म्हणजे घरच्या जॉयस्टिकवर एअरबस बरीचशी खरी वाटते, आणि ७३७ मुळातच खोटं. ७३७ मध्ये ट्रिम हातालाच कळतं. आपल्याकडे स्प्रिंगचा जोर ट्रिम कुठेही असलं तरी तोच. फोर्स-फीडबॅकचे योक मिळतात, पण त्यांची किंमत घरी सांगायची सोय नाही.

हे हाताला कळत नसल्यामुळे आणखी एक घोळ होतो. ७३७ मध्ये टेकऑफनंतर हाताने उडवत असताना ट्रिमचं चाक मध्येच आपलं आपण फिरतं. नवशिके हादरतात, "भूत!" म्हणतात. ती स्पीड ट्रिम नावाची यंत्रणा. वेग वाढला तर नाक वर, घटला तर खाली, म्हणजे विमानाला ट्रिम केलेल्या वेगाकडे परत ढकलायचं. ऑटोपायलट बंद असतानाच ती काम करते.

आता, हा सगळा काथ्याकूट मी का करतोय? कारण "गेम आहे रे, एवढं काय" हे तिसरं उत्तर. ७३७ मॅक्समधलं कुप्रसिद्ध एमकॅस याच स्पीड ट्रिमला जोडलेली पुरवणी होतं. ऑटोपायलट बंद, फ्लॅप आत आणि सेन्सर सांगतोय की नाक फार वर आहे, एवढं जुळलं की ते स्टॅबिलायझर फिरवून नाक खाली आणायचं. २९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरच्या विमानात सेन्सर चुकीचं सांगत होता. कॅप्टनने वीसहून अधिक वेळा ट्रिमने नाक वर आणलं, यंत्रणेने ते पुन्हा खाली घातलं. १८९ माणसं गेली.

१० मार्च २०१९, इथिओपियन एअरलाइन्स. पुन्हा सेन्सर बिघडलेला. प्राथमिक अहवालाप्रमाणे ऑटोपायलट साधारण १००० फुटांवर लागला आणि ३३ सेकंदांत सुटला. सुटल्यावर एमकॅसने ९ सेकंदांत ट्रिम ४.६ वरून २.१ युनिटवर नेलं. वैमानिकांनी नंतर ट्रिमची वीज तोडली, म्हणजे सांगितलेलंच केलं. पण इंजिनं टेकऑफच्याच जोरावर होती, वेग प्रचंड वाढलेला, आणि शेपटीवरच्या हवेच्या दाबापुढे हाताने चाक फिरेना. १५७ माणसं.

आणि मग मे २०१९ मध्ये बोइंगने मान्य केलं की मॅक्सच्या व्यावसायिक सिम्युलेटरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होता. ते चाक फिरवायला लागणारा जोर त्यात नीट उतरलेलाच नव्हता. वाचून मी थिजलो होतो. कोट्यवधींची यंत्रं, वैमानिक घडवण्यासाठी बनवलेली, आणि त्यात चाक हलकं! त्या अपघातांचं कारण सिम्युलेटर नव्हता, असं मी म्हणतही नाही. पण घरातल्या जॉयस्टिकपासून तिथपर्यंत खोट एकाच जागी निघाली, ट्रिमच्या भारात. तो स्क्रीनवर दिसत नाही, फक्त हाताला लागतो.

आपण पैसे मात्र कशाला देतो? ढगांना, काचेवरच्या पावसाच्या थेंबांना, सीटच्या झिजलेल्या कापडाला. जाहिरातीत स्क्रूसुद्धा मोजता येतात. ट्रिमचं चाक कसं वागतं यावर मी एकही जाहिरात पाहिलेली नाही. आपण विचारतच नाही, तर ते का करतील? उलट हात बदलताना नाक पडलं की आपण सोपा मोड मागतो, तोही मिळतो, आणि ट्रिम आणखी एक पदर आत लपतं.

या शनिवारी एवढं करून बघा. ७३७ एनजी घ्या, वजन भरा, काढलेल्या आकड्यावर ट्रिम लावा. फ्लॅप पूर्ण आत जाईपर्यंत ऑटोपायलटला हात लावू नका. दर वेळी वेग किंवा फ्लॅप बदलला की इतकं ट्रिम करा की जॉयस्टिक मध्ये सोडली तरी नाक हलू नये. पहिल्या दोनचार टेकऑफना घाम फुटेल. पाचव्याला बटण दाबा आणि विमानाकडे नको, चाकाकडे बघा. ते जेमतेम हललं, तर तुमचा सिम्युलेटर ठीक आहे. इतकं करूनही विमानाने नाक टाकलं, तर मात्र खुशाल कंपनीला पत्र लिहा. खाली माझीही सही घ्या.