‘तुम्ही बसा हो!’

घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असलं की हे वाक्य दिवसातून दहादा कानावर पडतं. आजोबा पाण्याचा तांब्या घ्यायला उठतात, तोच नातू धावतो. आजी भाजी निवडायला घेतात, सून ताट ओढून घेते. बोलणाऱ्यांच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण मांडीच्या स्नायूंना माया कळत नाही. काम नाही म्हटलं की ते झिजू लागतात.

‘वय झालं, आता ताकद जाणारच,’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. ते अर्धंच खरं आहे. वयाने स्नायू घटतात हे कुणी नाकारत नाही. पण बसून राहण्याचं पापही वयाच्याच खात्यावर मांडलं जातं. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी 67 वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. आजार कसलाच नाही, नुसती विश्रांती. तेवढ्यात त्यांच्या पायांचं, चरबी वगळून, जवळजवळ एक किलो वजन घटलं. साध्या तापानंतर ‘पंधरा दिवस उठायचं नाही’ असा हुकूम सोडणाऱ्या लेकी-सुनांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

‘पण गेलेलं परत थोडंच येतं?’ येतं. बॉस्टनच्या एका वृद्धनिवासात मारिया फिआटारोन या डॉक्टरांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा दुबळ्या रहिवाशांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं. वजनही लुटुपुटीचं नव्हे, चांगलं दमवणारं. 1990 साली निष्कर्ष आले: पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली होती आणि दोघांनी काठी सोडली होती. मुळात ताकद फारच थोडी उरली होती म्हणून टक्केवारी एवढी फुगलेली दिसते, हे मान्य. पण काठी सुटली ती टक्केवारीत नाही, चालण्यात.

मग निघतो टॉनिकचा डबा. प्रोटीन पावडर, च्यवनप्राश, सुनेने ऑनलाइन मागवलेलं आणखी काहीबाही. फिआटारोन यांनी हेही तपासलं. शंभर रहिवाशांचे चार गट केले: कुणाला व्यायाम, कुणाला पूरक आहार, कुणाला दोन्ही, कुणाला यातलं काहीच नाही. 1994 साली उत्तर मिळालं. व्यायामाने ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसत्या पूरक आहाराने दुबळेपणा हटला नाही. पोटभर, सकस खायला हवंच, पण डबा काही खुर्चीतून उठवत नाही.

‘आमचे बाबा रोज बागेत चार फेऱ्या मारतात की!’ उत्तम. मात्र फेऱ्या मारणं वेगळं आणि खालून उठणं वेगळं. कमोडवरून स्वतःचं स्वतः उठता येतं की नाही, यावर ब्युरोतून मावशी आणायची की नाही हे ठरतं. इतकी ही गोष्ट रोखठोक आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना चालण्यासारख्या हालचालीबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचेही व्यायाम सांगते.

त्यासाठी जिमच लागते असं नाही. भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्यावी. तिच्या कडेशी सरकून बसावं, पाय किंचित मागे घ्यावेत, हात छातीवर ठेवावेत, पुढे झुकावं आणि उठावं. बसताना धप्पकन बसायचं नाही, सावकाश टेकायचं. निम्मा व्यायाम त्या टेकण्यात आहे. हात न लावता जमत नसेल तर लावावा, खुर्ची उंच घ्यावी.

‘पूर्वीची माणसं उकिडवी बसत, त्यांना कुठे होते असले व्यायाम?’ असं म्हणणारेही भेटतात. त्यांचंही खरं आहे, त्यांना पाटा-वरवंटा आणि विहिरीचा रहाट होता. पण म्हणून झिजलेल्या गुडघ्यांच्या आजीला जमिनीवर बसण्याची सक्ती करणं हा व्यायाम नव्हे, छळ आहे.

पडण्याची भीती मात्र खोटी नाही. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. पण पडतील म्हणून उठूच द्यायचं नाही, त्यामुळे पाय लुळे पडतात, आणि मग खरोखरच पडतात. त्यापेक्षा न्हाणीघरात आधाराची दांडी बसवावी, घसरतं पायपुसणं फेकून द्यावं, रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवावा. ‘हातीपायी धड असतानाच ने रे देवा’ हे मागणं म्हाताऱ्यांच्या तोंडी सतत असतं. हातपाय धड ठेवायचं काम देवावर सोडण्यापेक्षा एका दांडीचा खर्च स्वस्त पडतो.

ऑपरेशननंतर महिनाभर फिजिओथेरपिस्ट घरी येतात, आजी जिना चढू लागतात आणि ‘आता बऱ्या झाल्या’ म्हणून सगळं थांबतं. बॉस्टनच्या त्या नव्वदीतल्या मंडळींनी व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत त्यांची 32 टक्के ताकद गेली होती.