मदत देणाऱ्याला हिशेब कोणी विचारायचा?

माझी एक भाची गेल्या वर्षी एका मदतसंस्थेत नोकरीला लागली. पूर, भूकंप, युद्ध असे काही झाले की तिथे धान्य, तंबू, औषधे पोचवणारी संस्था. रुजू होण्याआधी तिला सही करण्यासाठी कागदांचा एक गठ्ठा आला. आमच्या गोतावळ्यात सरकारी नोकर मी एकटाच, त्यामुळे कुठलाही छापील कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो. आचारसंहितेच्या पानापाशी आम्ही दोघेही थबकलो. मदत घेणाऱ्या कोणाकडूनही पैसे, नोकरी, धान्य किंवा इतर वस्तूच्या बदल्यात शरीरसंबंध मागणार नाही, अठरा वर्षांखालील मुलामुलींशी असा संबंध ठेवणार नाही, सहकाऱ्याबद्दल तसा संशय आला तरी गप्प बसणार नाही, असे त्यात लिहून घेतले होते. भाची म्हणाली, "मामा, हें सगळें बरोवन कित्याक घेतात?" भुकेल्या माणसाला जेवण द्यायला निघालेल्यांकडून हे लिहून घ्यावे लागते, याचाच तिला धक्का बसला होता. मी तेव्हा "पद्धत असते गो" असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. नंतर जे वाचले आणि त्यावर जो विचार केला, तो आज मांडतो आहे.

या कागदाचा जन्म २००२ सालचा आहे. त्याच्या आदल्या वर्षी संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संघटना आणि ब्रिटनमधील 'सेव्ह द चिल्ड्रन' यांनी मिळून पश्चिम आफ्रिकेतील गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत निर्वासितांच्या छावण्यांमध्ये फिरून लोकांशी बोलणी केली. जे कानावर आले ते भयंकर होते. गव्हाचा भरडा, ताडपत्री, औषधे, शिधापत्रिकेवरचे नाव अशा गोष्टींसाठी कोवळ्या मुलींकडून शरीराची किंमत वसूल केली जात होती. सुमारे चाळीस संस्थांमधील साठांहून अधिक माणसांवर आरोप झाले. त्यांत नामवंत संस्था होत्या, सैनिकही होते.

त्यातली एक गोष्ट माझ्यासारख्याला जास्त टोचली. असल्या बातम्या वाचताना आपल्या डोळ्यांसमोर परदेशी गोरा साहेब येतो. प्रत्यक्षात या आरोपांत त्या त्या देशातच नेमलेली माणसे पुष्कळ होती. म्हणजे मोठा अधिकारी नव्हे, तर रोज छावणीत वावरणारा, यादी लिहिणारा, कोठाराची किल्ली सांभाळणारा, रांगेत कोणाला पुढे घ्यायचे ते ठरवणारा माणूस. थोडक्यात, कारकून.

गेली वीसेक वर्षे मी काउंटरच्या या बाजूला बसतो आहे. माझा पगार मोठा नाही, हुद्दा मोठा नाही. पण समोर उभ्या असलेल्या माणसाचा कागद आज पुढे सरकवायचा की "सोमवारी या" म्हणायचे, एवढी सत्ता माझ्या हातात आहे. बाहेर कोणी मला विचारत नाही, पण त्या खिडकीपुरता मी राजा असतो. समोरची व्यक्ती उगाच हसते, नको इतके वाकते, "सायबा" म्हणते. तिला दाखला हवा असतो. इथे फार तर एखाद्याचा दिवस फुकट जातो. छावणीतल्या त्या खिडकीवर मात्र पोराच्या आजच्या जेवणाचा प्रश्न असतो. तिथे खिडकीतल्या माणसाने काही मागितले, तर 'नाही' म्हणण्याची मुभा कितीशी उरते?

गोमंतकीय वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मुंडकाराचे घर भाटकाराच्या जमिनीवर असायचे त्या काळच्या गोष्टी आपण आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत. भाटकाराचे बोलावणे आले की जावे लागायचे, घरातल्या बाईमाणसालाही. काही भाटकार देवमाणसे होती, सणाला तांदूळ-नारळ द्यायची, अडीअडचणीला धावायची, हेही खरे. पण घर त्याच्या मर्जीवर उभे होते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराचा स्वभाव बदलला नाही, त्याने मुंडकाराला हुसकावून लावण्यावर बंधन आणले. त्यानंतरच मुंडकाराचा आवाज फुटला.

२००२ साली मदतसंस्थांनी मिळून सहा तत्त्वे ठरवली आणि २००३ च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी त्याच धर्तीवर परिपत्रक काढले. माझ्या भाचीच्या हातातले पान त्याचेच वारस. त्यातले दोन नियम मला महत्त्वाचे वाटतात. पहिला म्हणजे अठरा वर्षांची अट. त्या देशाचा कायदा काहीही सांगो, 'मला वाटले ती मोठी आहे' हा बचाव चालणार नाही. आणि दुसरा, जी मदत तिला मिळायलाच हवी होती, ती देण्याच्या बदल्यातही काही मागणे हे शोषणच. 'तिची संमती होती' ही पळवाट यामुळे बंद होते. भुकेल्या माणसाच्या संमतीला संमती म्हणू नये, इतका साधा विचार त्यामागे आहे.

मग नियम झाले, प्रश्न संपला का? नाही संपला.

हैतीमध्ये २०१० च्या जानेवारीत प्रचंड भूकंप झाला. तिथे काम करणाऱ्या ऑक्सफॅम या ब्रिटिश संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांच्या वेश्यागमनाबद्दल आणि इतर गैरवर्तनाबद्दल २०११ मध्ये अंतर्गत चौकशी झाली. चौघांना काढले, तिघांना राजीनामा देऊन जाऊ दिले. या तिघांत तिथला प्रमुखही होता. पुढे त्याला बांगलादेशात दुसऱ्या मदतसंस्थेत प्रमुखाचीच जागा मिळाली. हे सगळे लोकांसमोर आले ते २०१८ च्या फेब्रुवारीत, वर्तमानपत्राने छापले तेव्हा.

सरकारी नोकरांना ही तऱ्हा परिचयाची आहे. आपल्याकडे तिला बदली म्हणतात. एखाद्या टेबलावरच्या माणसाबद्दल बायका कुजबुजू लागल्या की त्याला दुसऱ्या गावच्या टेबलावर पाठवतात. कागदावर शेरा नाही, कार्यालयाची बदनामी नाही, सगळे सुखरूप. त्या दुसऱ्या गावच्या बायकांचे काय, हे मात्र कोणी विचारत नाही. ऑक्सफॅम प्रकरणानंतर, २०१९ पासून, बऱ्याच संस्थांनी एक चांगली गोष्ट सुरू केली. नव्या माणसाला घेण्याआधी जुन्या संस्थेला विचारायचे, याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचा ठपका आहे का? आमच्या भाषेत सांगायचे तर सेवापुस्तक माणसाच्या मागोमाग गेले पाहिजे. ते आधी जात नव्हते, हेच आश्चर्य.

काँगोचे उदाहरण तर आणखी अलीकडचे. २०१८ ते २०२० या काळात तिथल्या पूर्व भागात इबोलाची साथ होती आणि जागतिक आरोग्य संघटनेसह अनेकांनी तिथे हंगामी माणसे भरली. स्वयंपाक, सफाई, घरोघर जाऊन माहिती सांगणे अशी कामे. ती नोकरी मिळवण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी आपल्याकडून शरीरसंबंध मागितला गेला, असे अनेक स्त्रियांनी २०२० साली पत्रकारांना सांगितले. मग स्वतंत्र आयोग बसला. त्याच्या सप्टेंबर २०२१ च्या अहवालात ८३ संशयित होते, त्यांतले २१ जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेले. संघटनेच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. परिपत्रक निघून तोवर अठरा वर्षे झाली होती. तक्रार कुठे करायची हे त्यातल्या कित्येक स्त्रियांना माहीत नव्हते, पत्रकार आले म्हणून त्यांना बोलता आले.

माझ्या मते खरी गाठ इथेच आहे. तक्रारीची पेटी त्याच माणसाच्या टेबलावर ठेवली, तर तिच्यात चिठ्ठी कोण टाकणार? २००२ च्या त्या अहवालानंतर संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी विभागाने तपास केला, तेव्हा पुराव्यानिशी सिद्ध झालेली प्रकरणे अगदी थोडी निघाली. काहींनी यावरून बोभाटा उगाच झाला असा निष्कर्ष काढला. आरोप झाला म्हणजे माणूस दोषी ठरत नाही, हे मलाही मान्य आहे, चौकशी व्हायलाच हवी. पण छावणीतल्या मुलीने साक्ष दिली आणि उद्या तिच्या घरचा शिधा बंद झाला, तर तो कोण सुरू करणार? 'सेव्ह द चिल्ड्रन'ने २००८ मध्ये आयव्हरी कोस्ट, दक्षिण सुदान आणि हैती इथल्या मुलांशी बोलून पुन्हा अहवाल काढला, तेव्हाही न सांगण्याचे एक मोठे कारण हेच निघाले. मदत बंद होईल ही भीती.

आपल्या देशातही बाहेरच्या कानांनीच हे ऐकले. बिहार सरकारने राज्यातल्या आसरागृहांची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडून करून घेतली आणि २०१८ साली मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातला प्रकार उघडकीला आला. सरकारी पैशावर चाललेली स्वयंसेवी संस्था, आत आधारहीन मुली. त्या मुलींना विश्वासात घेऊन विचारणारे कोणीतरी बाहेरून आले, म्हणून त्या बोलल्या. २०२० च्या जानेवारीत दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त नोकरदार बाईसाठी आहे असा समज आहे. मूळ कायदा वाचून पाहा. कोणत्याही वयाची, नोकरीत असलेली वा नसलेली स्त्री त्याखाली तक्रार करू शकते, आणि 'कामाचे ठिकाण' यात स्वयंसेवी संस्था, न्यास हेही येतात, कर्मचारी कामानिमित्त जातो ती जागासुद्धा येते. म्हणजे मदतछावणीत रांगेला उभी असलेली बाईही. हे तिला कोणी सांगितलेले असते का, एवढाच प्रश्न.

आता एक गोष्ट सांगतो, जी आजवर कुठे लिहिली नव्हती. मी नोकरीत नवा असताना एका तालुक्यात पूर आला आणि पडझड झालेल्या घरांच्या याद्या करायला आम्हा काहीजणांना पाठवले. एका विधवेचे नाव यादीत राहिले होते. ती दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा ती गेल्यावर माझा एक वरिष्ठ सहकारी हसत म्हणाला, "तिला सांजेची एकटीच येऊं दी, मग घालूया नाव." सगळे हसले. मीही हसलो. दोन दिवसांनी त्याने मला तिचे नाव यादीत घालायला सांगितले. मी घातले. मधल्या दोन दिवसांत काही घडले की तो नुसताच पाचकळ विनोद होता, मला माहीत नाही. मी विचारले नाही. ते नाव माझ्या अक्षरात लिहिलेले आहे, एवढेच मला ठाऊक आहे.

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. हे लिहून घ्यायचे ते वाईट माणसांसाठी नव्हे, ती सही करूनही वाईटच वागतील. लिहून घ्यायचे ते माझ्यासारख्यांसाठी, जे स्वतः काही करत नाहीत पण हसतात आणि नाव लिहितात. संशय आला तर कळवलेच पाहिजे, हे कलम तेव्हा माझ्या सहीखाली असते तर मी धीर केला असता का? छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण 'मला काय त्याचे' म्हणण्याची सोय तरी राहिली नसती.

बाकी ज्या गोष्टी हव्यात त्या खर्चिक नाहीत. यादी करणारा आणि वस्तू देणारा एकच माणूस नसावा. वाटपाला बायका असाव्यात, आणि ते दिवसाउजेडी चारचौघांत व्हावे. कोणाला काय आणि किती मिळणार हे फळ्यावर लोकांच्या भाषेत लिहावे आणि खाली ठळक अक्षरांत, ही मदत फुकट आहे, तिच्या बदल्यात कोणीही काहीही मागू शकत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवावे. तक्रार ऐकणारा माणूस बाहेरचा असावा, आणि तक्रार केली म्हणून कोणाचा शिधा थांबणार नाही याची जबाबदारी वरच्या अधिकाऱ्याच्या नावावर टाकावी.

आणखी एक बदल आपल्या मनात व्हायला हवा. दान, उपकार, पुण्य हे शब्द आपल्या तोंडात फार बसले आहेत. देणारा मोठा आणि घेणाऱ्याने ऋणी राहावे, अशी आपली शिकवण. चतुर्थीच्या आधी पूरग्रस्तांना कपडे वाटतानाचे फोटो आपण आवडीने छापून आणतो, त्यात हात पसरलेल्या बाईचा चेहरा स्पष्ट दिसतो. ती उद्या म्हणाली की वाटणाऱ्याने माझा हात नको तसा धरला, तर पहिली प्रतिक्रिया काय येईल? "ज्याने दिले त्याच्यावरच उलटली." हे वाक्य ज्या समाजात बोलले जाते, तिथे आचारसंहितेला एकटीने लढावे लागते.

भाचीने सही केली. आता ती दूरच्या एका राज्यात कामावर आहे. परवा फोनवर मी तिला त्या यादीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मामा, त्या बायलेचें नांव तुका याद आसा?"

आहे. अजून आठवते.