बेससाठी कोणता सिंथ?

संगीत जायज की नाजायज, हा वाद आपल्याकडे जुना आहे. त्यामुळे पोराने सिंथेसायझर मागितला की घरात सल्ल्याऐवजी नकारच मिळतो. माझ्या मते सल्ला द्यावा.

बेससाठी छोटा ॲनालॉग सिंथ पुरतो. एक ऑसिलेटर, दमदार लो-पास फिल्टर आणि हाताशी नॉब, एवढे पाहावे. कोर्ग व्होल्का बेसमध्ये ३ ऑसिलेटर आहेत, तो बॅटरीवरही चालतो. रोलंड टीबी-३०३ मध्ये एकच होता. तरी मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली त्याच्या साथीने १० रागांची रेकॉर्ड काढली.

मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज नीट कळत नाही; हेडफोन लावूनच निवडा. वाद चालू राहील, पण पोराच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवे.