आमचे गुटगुटीत बाळ!

आपल्या घरांतून एका शब्दाने फार मोठा घोटाळा करून ठेवला आहे. तो शब्द म्हणजे ‘गुटगुटीत’! बाळाच्या मांडीला वळ्या पडल्या, म्हणजे आई कृतार्थ होते, आजी दृष्ट काढते आणि शेजारीण गाल ओढते. ते बाळ पालथे पडते का, रांगते का, उंबरठा ओलांडते का, हे सहसा कुणी विचारीत नाही. जणू घरात मूल जन्मलेले नसून गुळाची ढेप आणून ठेवली आहे!

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालेला, कादंबऱ्या लिहिणारा एक मास्तर आहे. पण लंगडीच्या डावात मला जे दिसते, ते प्रगतिपुस्तकात दिसत नाही. मणी ओवताना अंगाने जड असलेले मूल कुणाला हार जात नाही. लंगडी घालताना मात्र साऱ्या देहाचा भार एका पायाने उचलावा लागतो. तिथे ते मागे पडते. बाकीची मुले हसतात. ते कडेला जाऊन बसते. बसल्याने पायांना सवय होत नाही, सवय नाही म्हणून खेळ नकोसा होतो आणि खेळ नाही म्हणून वजन वाढते. याला आळस म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

कुणी म्हणेल, “मास्तर, मुलांना पोटभर मिळत नाही अशा देशात ही कसली रडगाणी?” आक्षेप खरा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३२.१ टक्के मुले वजनाने कमी भरली. अति जड भरली ती ३.४ टक्के. पण भुकेले मूल ताकद नाही म्हणून बसून राहते, आणि भरल्या घरचे मूल मुभा नाही म्हणून! दोघांनाही अन्न हवे तसे अंगणही हवे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की एक ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी निदान १८० मिनिटे हालचाल हवी आणि एका वेळी तासाहून अधिक त्याला जखडून ठेवू नये. आता आमचा दिनक्रम पाहा. सकाळी बालवाडीत हाताची घडी, तोंडावर बोट. दुपारी मोबाइलपुढे घास. संध्याकाळी इमारतीच्या आवारात पाटी — ‘येथे खेळू नये’! शिवाय मूल लवकर चालावे म्हणून चाकांच्या वॉकरमध्ये बसवायचे. कॅनडाने अपघातांमुळे २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आमचा जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. त्याच्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे असे.

मुलाच्या हातचा लाडू काढून घ्या, असे मी म्हणत नाही. सणासुदीला त्याला हिणवू तर मुळीच नका. त्याला किल्ल्याची माती वाहू द्या, दगड उचलू द्या, पडू द्या, गुडघे खरचटू द्या. आणि वाचकहो, फराळाला आलेल्या नातवाचा गाल ओढण्याआधी ती आवारातली पाटी तेवढी उतरवा!